परतीची तीन वळणं

आमच्या हडपसरच्या सोसायटीत वरच्या मजल्यावर बारावीचं गणित शिकवणारे एक सर राहतात. ताळा केल्याशिवाय त्यांना कुठलंच उत्तर पटत नाही. प्लंबर नळ दुरुस्त करून निघाला, तरी जिन्यात विचारतात, "ताळा केलात का?"

मी वर्ध्याहून नवा आलेलो. स्कूटरवरून बुधवार पेठेत पुस्तकं आणायला निघालो, तर त्यांनी फोनवरचा नकाशा बंद करायला लावला. "अहो, मोठी वळणं तीनच. डावं, डावं, उजवं. येताना इन्व्हर्स घ्या."

येताना मी शेवटापासून सुरुवात केली. उजवं, डावं, डावं. पोचलो येरवड्याच्या तुरुंगापाशी. सरांना फोन लावला.

"क्रम उलटलात, वळणं कोण उलटणार? डावं, उजवं, उजवं. थांबा तिथेच."

सर बसने आले. रागावले नाहीत, पण तिथून थेट घरीही जाऊ देईनात. "गणित पहिल्या पायरीपासून सोडवायचं." पुन्हा पेठेत गेलो. तिथून ते मागे डोळे मिटून बसले, ते थेट आमच्या फाटकापाशी उघडले.

"आलं उत्तर," मी म्हणालो.

"छान. उद्या सकाळी ताळा करू. मला पेठेत सोडा, दोन वह्या घ्यायच्या आहेत."