टिलीची घंटी

सुपीरियर सरोवराच्या वरच्या अंगाला, शिकारीचा मोसम तोंडावर आला की उर्हो निस्कानेन गावच्या सभागृहात जनावराची मान आवळणारा सापळा घेऊन उभा राही आणि जमलेल्या शिकाऱ्यांना झापत सुटे.

"सरकारी रान आहे, तुमच्या बापाचं नाही! तुम्ही तितरं मारता, तसे सापळेवालेही पोट भरतात. कुत्रं अडकलं तर ओढाओढ करू नका, खिशातली दोरी काढा." स्प्रिंगच्या कड्यांतून दोरी ओवायची, एक टोक पायाखाली दाबायचं, दुसरं खेचायचं. म्हातारा बोलता बोलता सापळा उघडून दाखवी. सापळा मात्र लाइलचा. लाइल कातड्यासाठी रॅकून नावाची जनावरं धरणारा, उर्होचा जिवाचा दोस्त. "हा बाबा माझा धंदा बुडवणार!" तो मागून ओरडे आणि सगळे खो खो हसत.

त्या ऑक्टोबरात उर्हो आपल्या शिकारी कुत्रीला, टिलीला, घेऊन रानात गेला. टिलीच्या गळ्यात घंटी. घंटी वाजतेय तोवर कुत्री हुडकतेय. थांबली की समजायचं, पक्षी सापडला, आता ती पुतळ्यागत उभी. त्या शांततेनं उर्होला जन्मभर आनंदच दिला होता.

घंटी थांबली. उर्होनं बंदूक सावरली आणि पक्षी उडू नये म्हणून पाय न वाजवता, हळूहळू पुढं सरकला. "शाब्बास पोरी, थांब तशीच," पुटपुटत.

पक्षी उडालाच नाही. आडव्या पडलेल्या झाडामागे फळ्यांची पेटी होती, आत मांस, आणि तोंडाशी सापळ्यात टिलीची मान. उर्होनं दोरी काढली. सापळा झटक्यात उघडला, अगदी शिकवल्यासारखा. टिलीचं अंग अजून गरम होतं, पण जीव गेला होता. काय जाळायची ती विद्या!

सापळ्यावर लाइलचं नाव होतं. निरोप मिळताच तो धावत आला.

"उर्हो, सापळा नियमात होता रे."

"माहीत आहे."

"मग शिव्या तरी घाल मला!"

"तुला कशाला घालू? घंटी थांबली, लाइल, आणि मी सावकाश चालत आलो." एवढं बोलून म्हातारा हमसून हमसून रडला.

पुढच्या वर्षी सभागृहात त्यानं दोरीच्या आधी टिलीची घंटी काढली. वाजवली. मग मुठीत गच्च दाबली.

"घंटी थांबली. आता काय करायचं?" त्यानं विचारलं.

"बंदूक सावरायची," कुणीतरी सवयीनं म्हणालं. मागं बसलेल्या लाइलनं मान खाली घातली.

"धावायचं, गाढवांनो!" उर्हो ओरडला. "पक्षी गेला खड्ड्यात. धावायचं!"