अर्जातली कृपा

शहरातल्या राइट टाउन भागातल्या झेरॉक्सच्या दुकानात टायपिंग करणाऱ्या दीदीनं मला मदत केली. नाव विचारायचं राहूनच गेलं. कारखान्याच्या नाल्यानं आमच्या वस्तीच्या हातपंपाचं पाणी नासलं होतं. ते साफ करायला एक संस्था अनुदान देणार होती आणि अर्जाचा तो शेवटचा दिवस होता. मी अमरावतीकडचा, सातवीत शाळा सुटलेला. भीतभीत लिहून नेलं होतं, 'गरिबांवर कृपा करावी.'

ते वाचून चष्मा कपाळावर सरकवत ती म्हणाली, "काहून हात जोडून राहिले, भैया? भीक थोडी मागताय? पाणी कोणी नासवलं ते लिहा ना!"

मी सांगत गेलो, ती टाइप करत गेली. अनुदान मंजूर झालं, काम सुरू आहे. पाणी साफ झालं की दीदीला जेवायला बोलावीन आणि भात त्याच पाण्यात शिजवीन.