राव ड्रायव्हरांचं झोपेचं मशीन

काका गेल्याचं कळलं तेव्हा मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या धूत होते. शिपाई दाराशी आला आणि त्याने विचारलं, "राव ड्रायव्हर तुमचे कोण?" मी म्हटलं, काका. "बस स्टँडवरून माणूस आलाय," एवढंच तो म्हणाला. मी हात न पुसताच बाहेर आले. काका टाइमकीपरच्या खोलीत बाकावर बसल्या बसल्या गेले होते. हनुवटी छातीवर टेकलेली, चष्मा हातात. येणाऱ्याजाणाऱ्या ड्रायव्हर-कंडक्टरांनी पाहिलं होतं, पण त्यांना वाटलं, राव झोपलेत. एकेकाळी ते असेच कुठेही झोपायचे, त्यामुळे कोणी उठवलं नाही. कोणीतरी पंखाही त्यांच्या बाजूला वळवून ठेवला होता... घरी हे काकीला सांगितलं. ती म्हणाली, "ते दिवसा झोपत नव्हते गे. अत्तां झोपतच नव्हते. मज विचारलं असतं तर सांगितलं असतं मी."

डॉक्टर म्हणाले, हृदय एकदम बंद पडलं. कोणी लगेच पाहिलं असतं तरी उपयोग झाला नसता. ते खरंच असेल. तरी काकीचं ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. काका दिवसा झोपत नव्हते, यासाठी त्या दोघांनी जे केलं ते मी जवळून पाहिलं आहे. म्हणून हे लिहिते आहे. आमच्या घरात बोलायला मराठी आहे, पण लिहायला कोणाला येत नाही. तंजावरच्या बऱ्याच मराठी घरांत असंच आहे. मी नागरी अक्षरं कॉलेजला आल्यावर शिकले. चुकलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

माझे आईवडील पापनाशमजवळच्या गावात शेती करतात. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी, शांता, पहिली, आणि ते जमलं कारण काका-काकींनी मला तंजावरला आपल्या घरी ठेवून घेतलं. त्यांना मूल नव्हतं. काका एका खाजगी कंपनीची बस चालवायचे, तंजावर ते पापनाशम. त्या रस्त्यावर त्यांना सगळे राव ड्रायव्हर म्हणायचे. भरदार मिशी, मोठा आवाज, आणि झोप... झोपेची तर गावभर थट्टा होती. दुपारी जेवून ते ओसरीवर आडवे झाले की घोरण्याने शेजारची कुत्री उठून जायची. ते घोरणं एकदम थांबायचं. काहीच आवाज नाही. मग पाण्यातून वर आल्यासारखा मोठा श्वास घेऊन पुन्हा सुरू. मला ते ऐकून आधी हसू यायचं. काकी मात्र त्या थांबण्यात हातातलं काम तसंच धरून बसायची, आणि श्वास परत आला की पुन्हा भाजी चिरू लागायची. लग्न झाल्यापासून ती अशीच ऐकत आली होती.

मग एकदा दुपारच्या फेरीला कालव्याच्या पुलाअलीकडे बस रस्ता सोडून भाताच्या शेतात उतरली. चिखलात चाक रुतलं म्हणून थांबली. कोणाला खरचटलंही नाही. स्टिअरिंग घट्ट झालं होतं, असं सांग, असं कंडक्टर म्हणत होता. काकांनी तसं सांगितलं नाही. ते सरळ मालकांकडे गेले आणि म्हणाले, माझा डोळा लागला. मालकांना सगळे मुदलाळी म्हणत. मुदलाळी वाईट माणूस नव्हते. त्यांनी बस काढून घेतली आणि स्टँडवर वेळ लिहायचं काम दिलं. "राव, झोप बरी करून या. गाडी कुठे जात नाही," असं ते म्हणाले. काकांनी ते शब्द मनात धरून ठेवले. गाडी कुठे जात नाही.

तिरुचीला एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी काकांना एक रात्र ठेवून घेतलं, अंगाला तारा लावल्या आणि सकाळी सांगितलं की झोपेत यांचा घसा मिटतो, श्वास थांबतो, मेंदू त्यांना पुन्हा पुन्हा जागं करतो. हा माणूस कित्येक वर्षं नीट झोपलेलाच नाही. त्यावर एक मशीन होतं. नाकावर मुखवटा बांधायचा, नळीतून हवेचा दाब येत राहतो, घसा उघडा राहतो. ही मशीनं तेव्हा नुकतीच बाहेरदेशातून येऊ लागली होती. परतीच्या बसमध्ये काका खिडकीबाहेर बघत म्हणाले, "टीव्ही फॉरेनचा आला, सोडा फॉरेनचा आला. अत्तां श्वास पणि फॉरेनांतूनच काय?" काकी म्हणाली, "येऊं दे. कोठूनही येऊं दे."

मशीन विकणाऱ्या कंपनीचा माणूस टाय लावून, दोन खोकी घेऊन घरी आला. तो तमिळमध्ये बोलत होता आणि काकी त्याला सारखं पाणी देत होती. एक मशीन मोठं, जुन्या धर्तीचं, आवाज करणारं. दुसरं लहान, जवळजवळ मुकं, आणि हवा हळूहळू वाढवणारं. तो म्हणाला, आधी एक ठेवा, सवय करा. मग ते नेऊन दुसरं देईन. दोन्ही वापरून जे मानवेल ते घ्या. मोठं ठेवून तो लहान घेऊन गेला. पण जाण्याआधी मुखवटा बसवताना अडचण आली. मिशीखालून हवा फुसफुसत सुटत होती. "सार, मिशी काढावी लागेल," तो भीत भीत म्हणाला. काकांनी काकीकडे पाहिलं. काकी म्हणाली, "मिशीला बस चालवतां येत असली तर ठेवा." दुसऱ्या दिवशी काका न्हाव्याकडून आले तेव्हा मी त्यांना दारात क्षणभर ओळखलं नाही. ओठावरची गोरी पट्टी हाताने झाकून ते म्हणाले, "उगे बैस, हसूं नको."

पहिले दिवस कठीण गेले. पट्टा कानावर काचायचा, नाक कोरडं पडायचं, ग्राइंडर चालू ठेवून झोपल्यासारखं वाटतं म्हणायचे. पण हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावरची सूज उतरली. दुपारी जेवून ते ओसरीवर बसून पेपर वाचू लागले. काकी दोनदा उठून बघून आली, खरंच जागे आहेत ना. काकांना आता त्या लहान, मुक्या मशीनची ओढ लागली होती. ते मिळालं की आणखी चांगली झोप लागेल, डॉक्टर पत्र देतील, मुदलाळी बस देतील, असा त्यांचा हिशेब. कंपनीचा माणूस नवरात्र संपल्यावर येणार होता.

मधे नवमीला आयुधपूजा आली. आमच्याकडे त्या दिवशी घरातली कामाची प्रत्येक वस्तू धुऊन, चंदन-कुंकू लावून देवापुढे मांडतात. त्या दिवशी तिला हात लावायचा नाही. विजयादशमीला सकाळी पुन्हा पूजा करून मग उचलायची. माझी पुस्तकं होती, काकीची विळी होती, काकांचे नट पिळायचे पाने आणि लायसन्स होतं. आणि काकांनी पाटावर ते मशीन आणून ठेवलं. ड्रायव्हरला आयुधपूजा म्हणजे दिवाळीपेक्षा मोठी. त्या वर्षी पूजायला त्यांच्याकडे बस नव्हती. त्यांनी मनापासून चंदन लावलं, पुढे, वर, बाजूला, आणि मागच्या जाळीलाही, जिथून ते हवा आत ओढतं. वर झेंडूची माळ घातली.

दिवेलागणीला काकी म्हणाली, "ते काढून ठेवा आतां. झोपायला लागेल."

"आज कसं काढूं? पूजेंत आहे."

"डॉक्टर काय म्हणाले? एक दिवस पणि सोडूं नका म्हणाले."

"आज बस चालत नाहीं, शिलाईचं मशीन चालत नाहीं, शांता पुस्तक वाचत नाहीं. मग हेंच कां चालेल?"

"बरं. मग आज श्वास पणि घेऊं नका. तेही कामच कीं."

काका माझ्याकडे वळले. "तूं शिकतेस. तूं सांग गे."

मी म्हटलं, डॉक्टरांना फोन करून विचारू. काका म्हणाले, डॉक्टरला पूजेंतलं काय कळतं. काकी उठून देवघरात गेली, मांडलेल्या ओळीकडे बघत उभी राहिली, आणि तिथूनच म्हणाली, "दिवा पूजेंत आहे. आहे कीं नाहीं? कुंकू त्यालाही लावलं. तो जळतो आहे. त्याला कोणी आज जळूं नको म्हटलं काय?"

काकांनी दिव्याकडे पाहिलं. मग हसले. मिशी नसलेलं ते हसू मला अजून आठवतं. त्यांनी देवघरातच चटई टाकली. मशीन पाटावरून हललं नाही, माळ तशीच राहिली. फक्त नळी ओढून घेतली. विजयादशमीला पहाटे मी उठले तेव्हा विळी, पाने आणि माझी पुस्तकं यांच्या ओळीसमोर काका शांत झोपले होते. नाकापासून निघालेली नळी सरळ देवांपुढे गेली होती. काकी भिंतीला टेकून बसल्या जागी झोपली होती. तिला झोपलेलं मी फारसं पाहिलं नव्हतं. मी दोघांनाही उठवलं नाही.

टायवाला माणूस आला आणि मशीन बघून खाली बसला. जाळीतलं चंदन वाळून घट्ट झालं होतं, खाचांमध्ये कुंकू गेलं होतं. "हे मी परत कसं नेऊ, अम्मा?" तो म्हणाला. काकी चकित झाली. "परत? पूजेंत बसलेली वस्तू घराबाहेर कशी देतां येईल?" त्याने लहान मशीनचं खोकं उघडून दाखवलं. काकांनी ते हातात घेतलं, चालू केलं, कानाशी धरलं. त्यांना ते हवं होतं, हे मला त्यांच्या धरण्यावरून कळत होतं. मग त्यांनी ते हळूच खोक्यात ठेवलं आणि म्हणाले, "चांगलं आहे. पण आमचं ठरून गेलं." असं आमच्या घरी पहिलं मशीन निवडलं गेलं. जाळी नवी बसवली, तरी पुढे कित्येक दिवस त्यातून चंदनाचा वास यायचा. काका म्हणायचे, रोज देवळात झोपतों.

डॉक्टरांनी पत्र दिलं. काका धुतलेला शर्ट घालून मुदलाळींकडे गेले, मीही बरोबर गेले. मुदलाळींनी पत्र दोनदा वाचलं. मशीन कसं असतं ते विचारलं. काकांनी उत्साहाने सगळं सांगितलं, नळी, मुखवटा, दाब... ते जसजसं सांगत गेले तसतसे मुदलाळी मागे टेकत गेले. शेवटी म्हणाले, "राव, मशीन लावून झोपणाऱ्या माणसाच्या हातात मी साठ माणसं कशी देऊ? लोक मला काय म्हणतील?" काकांनी पत्र घडी करून खिशात ठेवलं. रस्त्यावर आल्यावर म्हणाले, "झोपत होतों तेव्हां बस होती. जागा झालों तर नाहीं." त्यात राग नव्हता. खूप थकून एखादी गोष्ट सांगावी तसं ते म्हणाले. मिशी वाढवू का, असंही त्यांनी वाटेत विचारलं. मी नको म्हटलं. त्यांनी मशीन मात्र सोडलं नाही. कशासाठी आता, असं मी एकदा विचारलं, तर काकीकडे बोट दाखवून म्हणाले, "ती झोपते कीं."

पुढची दीडदोन वर्षं ते स्टँडवरच होते. दुसऱ्यांच्या बसची वेळ लिहायची, शिट्टी द्यायची. सुट्टीला मी गावी निघाले की ते सोडायला यायचे आणि त्याच बसमध्ये ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसायचे. नवा ड्रायव्हर त्यांच्याच हाताखाली शिकलेला. कालव्याचा पूल आला की काकांचा उजवा पाय आपोआप खाली दाबला जायचा, चप्पल पत्र्यावर टक्क वाजायची. ड्रायव्हर आरशात बघून म्हणायचा, "अण्णा, ब्रेक तुमच्याकडे की माझ्याकडे?" काका म्हणायचे, "माझा लागला, अत्तां तुझा लाव."

परवा काकीला घेऊन गावी गेले. डॉक्टरांनी विचारलं होतं, एक गरजू रुग्ण आहे, मशीन द्याल का. काकी म्हणाली, थोडं थांबा. बसमध्ये ती नेमकी काकांच्या सीटवर बसली, खिडकीशी, डोळे मिटून. मला वाटलं झोपली. रात्री आता तिला झोप येत नाही, घर फार शांत आहे म्हणते. पूल जवळ आला. ड्रायव्हरने वेग तसाच ठेवला आणि आरशात पाहिलं. बघतच राहिला. मग काकीने, डोळे न उघडता, चपलेने पत्र्यावर टक्क केलं, आणि त्याने ब्रेक लावला.