शिरोड्याला शिकवणारे दोघं

आमच्या आरोग्य केंद्रात कुणी रडायला लागलं की मी पाणी आणायला जायची. वीस वर्षं नर्सची नोकरी केली, सलाईन लावली, टाके काढले, बाळंतपणं केली; पण समोरचं माणूस हुंदके द्यायला लागलं की माझे पाय आपोआप माठाकडे वळायचे. कणकवलीच्या एका समुपदेशक बाईंना मी हे एकदा हसत हसत सांगितलं. त्या हसल्या नाहीत. शिरोड्याला गेस्टाल्ट उपचारपद्धतीचं प्रशिक्षण सुरू होतंय, दोन वर्षांचं, दर दोन महिन्यांनी चार दिवस तिथे राहायचं, तुम्ही जाच, म्हणाल्या.

मी गेले. नांदगावहून कणकवली, तिथून सावंतवाडी, तिथून शिरोडा, तीन एसट्या बदलून. माडांच्या बागेत एक लांबट खोली होती, प्लास्टिकच्या खुर्च्या गोलात मांडलेल्या. आम्ही बाराजण शिकायला आणि शिकवायला दोघं.

त्यातले एक देवगडचे. घरची हापूसची बाग, पण यांनी बावीस वर्षं बोटीवर इंजिनरूममध्ये काढलेली. आम्ही त्यांना सर म्हणायचो. कुणी बोलायला लागलं की ते डोळे मिटून घेत. पहिल्या दिवशी मला वाटलं, प्रवासाने पेंगताहेत. मग त्यांनीच सांगितलं की यंत्रात बिघाड झाला की आधी आवाज बदलतो, काटा नंतर हलतो. इतकी वर्षं कानावर भरवसा ठेवून काढल्यावर आता माणसाचंही तसंच ऐकायची सवय लागलीय. आवाज जरा बदलला की ते तिथेच थांबवायचे. सोडायचे नाहीत.

दुसऱ्या पुण्याकडच्या. कर्णबधिर मुलांच्या शाळेत अठरा वर्षं शिकवून या कामात आलेल्या. त्यांना सगळे बाई म्हणत. त्या बघायच्या. कुणाचा खांदा उचलला गेलाय, कुणाची टाच जमिनीवर टेकत नाही, हे त्यांना गोलाच्या पलीकडून दिसायचं. घाई अशी कधी करायच्या नाहीत. शाळेत एका मुलीने पहिली खूण करायला सात महिने घेतले होते, आणि ते सात महिने त्या रोज तिच्याजवळ बसत होत्या, एवढंच एकदा बोलल्या.

गेस्टाल्ट म्हणजे काय हे मला पहिले दोन मुक्काम नीट कळलंच नाही. हळूहळू समजलं ते असं, की माणूस काय हकीकत सांगतोय याच्याबरोबरच सांगताना आत्ता त्याचं काय होतंय, श्वास कुठे अडकतोय, हात काय करतोय, तिकडे लक्ष द्यायचं. मनात कुणाशी काही बोलायचं राहून गेलं असेल तर रिकामी खुर्ची समोर ठेवायची आणि तो माणूस तिथे बसलाय असं समजून बोलायचं. शिकणाऱ्याने आधी हे स्वतःवर करून घ्यायचं असतं. तिसऱ्या मुक्कामात माझी पाळी आली.

मी माझ्या वडिलांबद्दल बोलले. त्याच्या अकरा वर्षं आधी, लावणीच्या दिवसांत, भर दुपारी अक्काचा फोन आला होता. अक्का माझी थोरली बहीण, लग्न केलं नाही, माहेरचं भात आणि काजू तीच बघते. बाबा मळ्यातून आलेत आणि छातीत दाटल्यासारखं म्हणतात, असं तिने सांगितलं. मी प्रसूतीच्या खोलीत होते, एक बाई अडलेली होती. फोन खांद्यात धरून मी म्हटलं, गॅस असेल, सोडा दे, पडू दे जरा, ड्युटी संपली की येते. दीड तासाने दुसरा फोन आला तेव्हा सगळं संपलं होतं.

हे सांगून झाल्यावर सरांनी उठून एक खुर्ची माझ्यासमोर ठेवली. म्हणाले, बाबा इथे बसलेत, बोला त्यांच्याशी. मी बोलले. चांगलं स्वच्छ मराठीत, मला क्षमा करा, माझं चुकलं, वगैरे. दोघीतिघी डोळे पुसायला लागल्या. मला मात्र काहीच होत नव्हतं. कुणाचा तरी अर्ज वाचून दाखवावा तसं मी बोलत होते. सर म्हणाले, अजून बोला. मी अजून बोलले. ते म्हणाले, आवाज वरवरचा येतोय, खाली उतरा. मग मी पुन्हा पहिल्यापासून तेच म्हणायला लागले.

तेव्हा बाई खुर्ची सोडून माझ्याशेजारी जमिनीवर येऊन बसल्या.

"तुमचा उजवा हात काय करतोय?" त्यांनी विचारलं.

मी खाली पाहिलं. उजव्या हाताची तीन बोटं डाव्या मनगटावर होती. मी नाडी मोजत होते. किती वेळ मोजत होते, देव जाणे.

"मोजा," बाई म्हणाल्या. "थांबायची गरज नाही."

मी मोजत राहिले. बऱ्याच वेळाने मला सुचलं ते मी बोलून टाकलं, की मी बाबांची नाडी पाहिलीच नाही. त्या दुपारी ती अक्काने पाहिली असेल, तिला पाहता येत नव्हती तरी. आणि मग मला रडू आलं. पाणी आणायला कुणी गेलं नाही.

त्यानंतर सर जे बोलले ते मी आजवर कुठल्या शिकवणाऱ्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "ती खुर्ची मी तुमच्यासाठी नाही मांडली. माझी आई गेली तेव्हा मी बोटीवर होतो, मला निरोप पोचला तोवर बारावासुद्धा होऊन गेला होता. तुम्ही बोलत होतात आणि मी माझ्या आईला ऐकत होतो. चूक झाली. ती खुर्ची काढू का?"

मी म्हटलं, राहू दे, पण तिथे बाबा नाहीत. तिथे अक्का आहे.

आणि अक्काशी बोलताना माझं ते स्वच्छ मराठी कुठच्या कुठे गेलं. "अक्का, अकरा वर्सां झाली," मी म्हटलं, "तू माका कायच कित्याक बोलूक नाय? एकदा तरी गाळी घाल गो माका." इतक्या वर्षांत तिने मला एकदाही बोल का लावला नाही, हेच विचारत होते; पुढे आणखी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. बाईंना मालवणी येत नव्हती. त्या फक्त माझ्याकडे बघत होत्या. सरांनी डोळे मिटले होते आणि त्यांच्या गालावरून पाणी चाललं होतं, पण त्यांनी मध्ये एक शब्द घातला नाही.

संध्याकाळी बाईंनी मला बाजूला घेऊन बजावलं की खुर्चीतली बहीण वेगळी आणि घरातली वेगळी. इथलं तिथे नेऊन ओतायची घाई करू नका, तिने काही मागितलेलं नाही. सरांना विचारलं तर ते म्हणाले, जमेल तेव्हा जा, पण फार वर्षं लावू नका. दोघांचं एकमेकांशी पटलेलं नव्हतं, आणि ते त्यांनी माझ्यापासून लपवलंही नाही.

मी महिनाभर थांबले. दर शनिवारी माहेरी जायची, तशी जात होते. अक्का आणि मी अकरा वर्षं काजू, भात, मजुरी, पाहुणे यांवरच बोलत आलो होतो, कधी आवाज चढला नव्हता. एका शनिवारी ती खळ्यात काजूबिया वाळत घालत होती. मी तिच्याशेजारी बसले आणि त्या फोनबद्दल विचारलं. खुर्चीसमोर बोलले होते त्यातलं अर्धंही बोलता आलं नाही.

अक्का बिया पसरत राहिली. मग तोंड वर न करता म्हणाली, "मी तुका सगळा सांगूक नाय त्या दिवशी. बाबांका घाम इलेलो, डावो हात दुखत होतो. तेनी सांगल्यानी, तिका सांगू नको, ड्युटी सोडून धावत येतला."

म्हणजे आलेला घाम, डाव्या हाताचं दुखणं, हे बाबांनीच मला कळू दिलं नव्हतं, मी ड्युटी सोडून धावत येईन म्हणून. हे खरं असेल. किंवा माझ्या मनावरचा भार कमी व्हावा म्हणून तिने त्या क्षणी रचलं असेल. अक्का तसं करू शकते. मी विचारलं नाही. तिच्या हातातल्या बिया घेऊन मी दुसऱ्या बाजूने पसरायला लागले. ऊन उतरेपर्यंत आम्ही दोघी तिथेच होतो. एकदा तिने पदराने नाक पुसलं, एवढंच.

प्रशिक्षण पुरं होऊन आता दोन वर्षं झाली. नव्या तुकडीला सर आणि बाईच शिकवतात आणि अजून एकमेकांशी वाद घालतात. मी अधूनमधून मदतीला जाते. अक्काने तो विषय पुन्हा काढला नाही, मीही नाही. मात्र ती आता माझ्याशी भांडते. परवा मी काजूच्या झाडांना खत लवकर घातलं म्हणून ती वाडीभर ऐकू जाईल इतक्या जोरात बोलली, दुसऱ्या दिवशी फोन उचलला नाही, आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच फोन करून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. मीही तिला सोडलं नाही.