सेनापतीचं मुंडकं

श्रीखंड-पुरी खाऊन श्रीरंग आडवा होतो तेव्हा सूड घ्यायचा त्याचा विचार पक्का असतो. फक्त डोळे मिटत असतात. उशाशी त्याची खेळातली बुटक्यांची फौज उभी आहे. बोटभर उंचीचे सैनिक, प्रत्येकाची मिशी त्यानेच रंगवलेली. संध्याकाळी क्लबात दिगंतशी लढाई आहे. दिगंत टेबलावर उतरवणार आहे ती मात्र अंबरीशची राक्षससेना. अंबरीश म्हणजे श्रीरंगचा जिवलग मित्र. डेंग्यूने गेला, त्याला वर्ष होत आलं.

पलंगाच्या कडेला कुणीतरी बसतं. गादी दबत नाही.

"मिशा जाड झाल्यात," अंबरीश म्हणतो. तो नखशिखांत राखाडी आहे.

"हे काय ध्यान?"

"तिकडे आधी सगळ्यांना प्रायमर मारतात, रंगाखालचा राखाडी हात. रंगाला अजून नंबर लागायचाय."

श्रीरंगला हे पटतं. तो पाय खाली सोडतो तर खाली नदीचा घाट. दहाव्याचा पिंड मांडलेला, कावळा पाठ फिरवून बसलेला. आईला सांभाळू, बहिणीचं शिक्षण करू, सगळं सांगून झालंय. मग दिगंत पुढे होतो, हात जोडतो. "अंब्या, तुझी फौज मी पूर्ण करीन." कावळा लगेच शिवतो. त्या एका घासावर दिगंत फौजेची सगळी खोकी घरी घेऊन गेला. गेलेल्याची इच्छाच ती, कोण बोलणार?

"त्याच्या शब्दाला का शिवलास?" श्रीरंगला हे वर्षभर डाचतंय.

"शब्दाला कोण शिवलं? भूक लागली होती रे." अंबरीश खाली बघतो. "आता तो माझ्या सेनापतीला सोनेरी फासतोय. वरातीतला घोडा केलाय त्याचा."

"दिगंतचं काय करू, सांग."

"दिगंत कशाला? सेनापतीचं मुंडकं काढ. मी ते चिकटवलं नव्हतं, आत चुंबक आहे. त्याला ठाऊक नाही. सेनापती अख्खा नसेल तर फौज उतरवता येत नाही, नियम आहे."

घाटाच्या पायऱ्या चढून दोघं क्लबच्या टेबलावर येतात. इथे राक्षस त्यांच्याच उंचीचे आहेत. अंबरीशला ओळखून ते वाट देतात.

"साहेब, आमचे डोळे रंगवायचे राहिलेत," एक जण म्हणतो.

"बघतो," अंबरीश म्हणतो.

श्रीरंग सेनापतीच्या खांद्यावर चढतो, दोन्ही हातांनी मुंडकं धरून ओढतो. टक्.

"अरे, ओलं आहे," मुंडकं दिगंतच्या आवाजात म्हणतं.

फोन वाजतोय. खिडकीत ऊन आहे. श्रीरंगच्या मुठीत काहीतरी टोचतंय.

"ऐक ना," दिगंत म्हणतो, "आज जमेलसं वाटत नाही. सेनापतीचं डोकंच सापडत नाहीये. आत्ता तर रंगवत होतो."

"काहीतरी शब्द देऊन बघ. सापडेल."

"कसला शब्द?"

"फौज अंब्याच्या आईकडे परत नेऊन द्यायचा."

पलीकडे खोकी उपसल्याचा आवाज येतो. श्रीरंग मूठ उघडतो. हरभऱ्याएवढं मुंडकं, आणि तळहात सोनेरी, ओला.

तो फोन कानाला लावून बसून राहतो. त्याला घाई नाही. त्याचं पोट भरलेलं आहे.