बरी असल्याचा फोटो

आटपाडीजवळच्या आमच्या शाळेत फोटोशिवाय काही घडतच नाही. जंताच्या गोळ्या वाटा, फोटो. झाड लावा, फोटो. झाड वाळलं तरी फोटो हिरवागार. वीस वर्षांच्या नोकरीत माझा हात इतका तयार झालाय की कार्यक्रम दिसला की मोबाइल आपोआप वर जातो.

गेल्या वर्षी समुपदेशन सुरू झालं. तालुक्याहून एक समुपदेशक बाई आठवड्यातून एकदा येत, मुलांशी एकेकट्यानं बोलत. नववीतल्या एका मुलीला मीच तिकडे नेलं. वडील फौजेत, घरी आई आणि चुलते. महिनाभर ती डबा न उघडताच परत नेत होती. दारात तिनं माझा हात धरला.

"बाई, कुनाला कळणार न्हाई न्हवं?"

"मी आहे ना," मी म्हणाले. केवढा तो रुबाब!

तासाभरानं ती बाहेर आली. डोळे सुजलेले, पण चेहरा मोकळा. तिच्या संमतीनं समुपदेशक बाईंनी मला एवढंच सांगितलं: तिला जगणं नको वाटतंय, एकटं सोडू नका, घरच्यांशी मी तिच्यासमोरच बोलेन.

अहवालासाठी मी दारातून एक फोटो काढून ठेवला होता. तो पाठवताना नेहमीच्या सवयीनं पालकांच्या ग्रुपवरही टाकला. रडणारी पोरगी, मागे 'मानसिक आरोग्य' असा फलक. लक्षात येताच पुसला, पण तोवर गावानं पाहिला होता.

संध्याकाळी तिच्या वडिलांचा ड्यूटीवरून फोन आला. "बाई, पोरगी येडी झाली व्हय माजी? समदं गाव इचारतंय. उद्यापासनं शाळा बंद."

ती आता कुठल्या खोलीत, कुणाची बोलणी खात एकटी बसली असेल? मी तशीच तिच्या घरी धावले. चुलते दारातच उभे राहिले. "पोरगी बरी हाय. तुमी जावा." समुपदेशक बाईंनी त्यांच्या घरी केलेला फोन तर कुणी उचललाच नाही. पुढचे दोन दिवस मोबाइल वाजला की तिचंच काही असेल म्हणून उचलण्याआधी नाव दोनदा वाचायचे.

तिसऱ्या दिवशी ती आली. मधल्या सुट्टीत माझ्यासमोर बसून तिनं डबा उघडला, भाकरीचा तुकडा तोंडात कोंबला आणि हसली.

"बाई, आता काढा फोटू. ग्रुपवर टाका. पप्पा म्हणालेत, बरी दिसलीस तरच शाळा."

मी मोबाइल उचलला. दोनदा फोटो हलला. तोवर ती हसू तसंच धरून बसली होती, तोंडातला घास न चावता.

फोटोला भरपूर अंगठे आले.

पुढच्या आठवड्यात समुपदेशक बाईंनी तिला बोलावलं. ती माझ्याकडे बघून तशीच हसली आणि म्हणाली, "मला कायबी झालं न्हाई."