दहीसाखरेचं वजन

तळहातावर दह्याचा गारवा उतरला आणि साखरेचा कण दाताखाली करकरला, की इतरांना शुभशकुन आठवत असेल. मला मात्र आठवतो तो शिरूरच्या मैदानात आणून ठेवलेला, मार्केट यार्डातला कांदे तोलायचा काटा.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी दहावीत होते आणि चौसष्ट किलोंची होते. घरच्यांना माझ्यात खात्यापित्या घराचं वैभव दिसे, आमच्या खेळाच्या बाईंना मात्र कबड्डीचा उजवा कोपरा दिसला. संघात मोजून सात मुली, राखीव एकही नाही, आणि वजनाची मर्यादा पंचावन्न किलो! मग रोज सकाळी घोडनदीच्या पुलापर्यंत धावणं आलं. एकटीनं धावणं म्हणजे स्वतःच्याच देहाशी भांडण. पण पुढं गेलेल्या सहा जणी पुलावर थांबून आपली वाट पाहत असतील, तर पाय मनाला विचारायला थांबतात का? कर्णधार सुजाता तर मी पोहोचल्याशिवाय पाणीही पीत नसे. महिन्यामागून महिने गेले, दम वाढला, फ्रॉक सैल झाले, आणि सामन्याच्या आदल्या संध्याकाळी मी बरोबर पंचावन्नावर आले. आई मात्र ज्याला त्याला सांगत होती, "पोरगी पार वाळली हो."

सामन्याच्या सकाळी मी काहीही न खाता निघाले. पण चांगल्या कामाला निघालेल्या लेकराला दहीसाखरेशिवाय सोडायचं नाही, हा आमच्या गल्लीचा अलिखित कायदा. आईनं दिली, मग शेजारच्या शांताकाकू वाटी घेऊनच आडव्या आल्या. "खेळाया निघालीस आन् न्हाई म्हंतीस व्हय? घे गुमान." अशी अकरा घरं झाली. आशीर्वादाला नकार कसा द्यावा? आणि तुम्हाला म्हणून सांगते, दही फार सुरेख लागलं होतं.

मैदानावरचा काटा पाव किलो जास्त दाखवत होता. पंच म्हणाले, "सामन्याला तासभर हाय. तवर उतरवा, न्हाईतर सातवी न्हाई म्हंजी सामना न्हाई." सहा मुलींचे वर्षभराचे कष्ट माझ्या पोटात दह्याखाली दबले होते. धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं, पण पोटाचा विचारसुद्धा त्या क्षणी नकोसा होता. मला रडूच कोसळलं. घाम निघावा म्हणून सुजातानं आपला स्वेटर माझ्या अंगात चढवला आणि ती म्हणाली, "चल, आमी बी पळतो."

सामन्याआधी दमायचं नसतं हे सहाही जणींना ठाऊक होतं, तरी त्या भर उन्हात माझ्या दोन्ही बाजूंनी धावू लागल्या. तिसऱ्या फेरीला मागून बांगड्यांचा आवाज आला. सामना बघायला आलेली आई पदर खोचून धावत होती, आणि तिच्यामागं शांताकाकू! "मला काय म्हाईत, दह्याला बी वजन आसतं?" आई धापा टाकत म्हणाली, आणि आम्ही सगळ्याच हसत सुटलो.

काटा पंचावन्नावर थांबला. आम्ही खेळलो आणि दमून हरलो. हरल्याचं दुःख कुणालाच फारसं झालं नाही, कारण पोट हसूनच दुखत होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी पुलाकडे निघाले, तर आई दारात उभी, चपला निसटू नयेत म्हणून पायांना सुतळीनं बांधलेल्या. "मला बी दम वाढवायचाय," म्हणाली. मी आत गेले, दही घेतलं, वर साखर भुरभुरली आणि ती दहीसाखर तिच्या तळहातावर ठेवली. चमचाभरच.